जुळ्याचा हिशेब

१७९२ आणि १७९३ या दोन वर्षांत कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या जहाजांवर बाकी मालाबरोबर बंगालमधल्या काही मेंढ्याही होत्या. न्यू साउथ वेल्सची इंग्रज वसाहत तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांची होती आणि तिथे अन्नाची ओढाताण होती. मेंढ्या गेल्या त्या मांसासाठी. अंगाने लहान आणि लोकरीने भरड असल्यामुळे त्यांचं कुणाला कौतुक नव्हतं. पुढे १७९७ मध्ये केपहून मेरिनो मेंढ्या ऑस्ट्रेलियात पोचल्या, त्यांच्या तलम लोकरीने त्या देशाचं नशीब बदललं आणि बंगाली मेंढ्या मेरिनोच्या कळपांत मिसळून दिसेनाशा झाल्या.

त्यांच्या रक्तातली एक गोष्ट मात्र टिकली. विसाव्या शतकाच्या मध्याला कुमा गावाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या शेतावर सीअर्स नावाच्या भावांचा मेरिनोंचा कळप होता. मेरिनो मेंढी सहसा एकच कोकरू देते. या कळपात मात्र जुळी, तिळी आणि त्याहून जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्या निघत, आणि सीअर्स बंधू अशाच मेंढ्या हौसेने राखत. १९५८ मध्ये त्यांनी एका वेताला झालेल्या पाच कोकरांपैकी एक नर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, दिला. तिथे मेंढ्यांच्या आनुवंशिकतेवर हेलन न्यूटन टर्नर काम करत होत्या. त्यांनी या वाणाचा कळप वाढवला आणि पुढे जुनी कागदपत्रं चाळून असा अंदाज मांडला की बुरूलाच्या जुळ्यांचं मूळ अठराव्या शतकातल्या बंगाली मेंढ्यांत असावं.

तोवर पशुपैदाशीच्या शास्त्राची समजूत अशी होती की जननक्षमता हा निवडीने सुधारण्याच्या दृष्टीने फार चिवट गुण आहे. दूध किंवा लोकर यांसारखे गुण आईबापांकडून पिलांकडे बऱ्या प्रमाणात उतरतात. एका वेताला किती पिलं होतील यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण दहा टक्के, बाकी सगळा खेळ चाऱ्याचा, वयाचा, हवामानाचा आणि योगायोगाचा. त्यामुळे जुळी देणाऱ्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या निवडत राहिलं तरी वर्षाला टक्का-दोन टक्के पदरात पडले तरी खूप. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पायपर आणि बिंडन यांनी आणि न्यूझीलंडमध्ये जॉर्ज डेव्हिस यांच्या गटाने दाखवून दिलं की बुरूलाचं प्रकरण वेगळं आहे. इथे शेकडो जनुकांचा बारीकसारीक हातभार नाही, एकच जनुक आहे आणि त्याचा परिणाम भलामोठा आहे. त्याला ‘फेक-बी’ असं नाव पडलं.

२००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे फेक-बीमागचा बदल नेमका कुठे आहे ते शोधून काढलं. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर ‘बीएमपीआर-१बी’ नावाचं जनुक असतं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येतं, बदल एवढाच. पुढच्याच वर्षी हाच बदल पश्चिम बंगालमधल्या सुंदरबनच्या गॅरोल मेंढीत सापडला आणि टर्नरबाईंच्या कागदी अंदाजावर जनुकाची मोहोर उमटली.

एका अमिनो आम्लाने जुळी कशी होतात? मेंढीच्या बीजांडकोशात एकाच वेळी अनेक बीजपुटकं वाढीला लागतात. त्यांतलं एखादं पुढे जातं, स्वतः संप्रेरकं सोडू लागतं आणि त्यामुळे मेंदूकडून येणारा पुटक-पोषक संप्रेरकाचा पुरवठा कमी होतो. मागे राहिलेली पुटकं सुकून जातात. दर सतरा दिवसांच्या फेऱ्यात हीच निवडणूक होते आणि बहुतेक वेळा एकच उमेदवार निवडून येतो. फेक-बी असलेल्या मेंढीत पुटकं आकाराने लहान असतानाच पक्व होतात. एकेकटं पुटक लहान असल्याने बाकीच्यांना मारण्याइतका दाब तयार व्हायला दोन-तीन पुटकं एकत्र यावी लागतात, आणि मग ती सगळीच फुटून त्यांतली स्त्रीबीजं बाहेर पडतात. अशा मेंढीत संप्रेरकांचा महापूर वगैरे काही नसतो. असतो तो फक्त पक्वतेच्या वेळेचा फरक.

जननक्षमता वाढवणारी अशी इतरही जनुकं मेंढ्यांत आहेत आणि त्यांतलं एक चांगलंच दगाबाज आहे. न्यूझीलंडच्या इनव्हरडेल मेंढ्यांत त्याची एक प्रत असलेली मेंढी जास्त कोकरं देते, पण आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत मिळालेल्या मेंढीचे बीजांडकोश वाढतच नाहीत आणि ती कायमची वांझ राहते. फेक-बीमध्ये हा धोका नाही. दोन प्रती असलेली मेंढी एका प्रतीवालीपेक्षा जास्तच कोकरं देते. पुढे महाराष्ट्रात फलटणला झालेल्या प्रयोगांना हाच मुद्दा फार उपयोगी पडला.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकर यांनी ती १९६८ मध्ये सुरू केली. कापूस, करडई, गोड ज्वारी अशा पिकांवरच्या कामासाठी ती आधी ओळखली गेली. शेळ्या-मेंढ्यांचं काम नंतरचं, आणि ते मुख्यतः चंदा निंबकर यांनी उभं केलं. त्यांनी आनुवंशिकतेचं उच्च शिक्षण ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलच्या विद्यापीठात घेतलं. १९९०च्या दशकात संस्थेने सुंदरबनातून गॅरोल मेंढ्या फलटणला आणल्या. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचा पैसा, आर्मिडेलचं शास्त्र आणि रक्ताच्या नमुन्यातून फेक-बी ओळखण्यासाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, अशी जुळवाजुळव झाली. म्हणजे बंगालमधून निघून ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेलं जनुक ऑस्ट्रेलियाच्याच मदतीने बंगालमधून महाराष्ट्रात आलं.

आमच्याकडची मेंढी दख्खनी. लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे पोटप्रकार सांगतात. काळी किंवा काळी-पांढरी, काटक, पंचवीस-तीस किलोंची. घोंगडीला लागणारी भरड लोकर हिचीच. पण लोकरीला आता भाव राहिलेला नाही, कातरणीची मजुरीही धड सुटत नाही. मेंढपाळाचा पैसा येतो तो कोकरांच्या विक्रीतून. आणि दख्खनी मेंढी जुळी देते ती क्वचितच. शंभर वेतांत दोन-चार.

गॅरोल मेंढी याच्या बरोबर उलट. दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी, जुळी सर्रास देणारी आणि वजनाला दहा ते चौदा किलो. तिचा नर दख्खनीवर नुसता घातला तर जुळी मिळतील, पण इवलीशी. लोणंदच्या बाजारात कोकरू हातात उचलून, पाठीवर बोट दाबून भाव ठरतो. तिथे अशी दोन कोकरं मिळून एकाचीही किंमत येणार नाही. म्हणून गॅरोलचं फक्त जनुक ठेवायचं आणि बाकीची गॅरोल हळूहळू धुऊन काढायची, असा बेत ठरला. पहिल्या संकरात गॅरोलचा वाटा निम्मा. त्यातले जनुक असलेले नर पुन्हा दख्खनीवर, की वाटा पाव. पुढे अष्टमांश. दर पिढीत निम्म्या कोकरांत जनुक येतं आणि निम्म्यांत येत नाही. बाहेरून बघून फरक कळत नाही, आणि नराला तर कोकरं होत नाहीत की व्याल्यावर समजेल. रक्ताची तपासणी नसती तर प्रत्येक नराच्या मुली व्यायची वाट बघावी लागली असती आणि एकेका पिढीला तीन-चार वर्षं गेली असती. दुधासाठी इस्रायलच्या अवासी मेंढीचंही थोडं रक्त त्यात घातलं. या सगळ्यातून जो वाण तयार झाला त्याचं नाव ‘नारी सुवर्णा’. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून याच जनुकाचा ‘अविशान’ हा वाण काढला आहे.

जनुकाची एक प्रत असलेली दख्खनी संकरित मेंढी दर वेताला सरासरी सुमारे अर्धं कोकरू जास्त देते. म्हणजे दोन वेतांत दोनाऐवजी तीन. मेरिनोमध्ये याच जनुकाचा परिणाम बराच जास्त दिसतो, तिथे तिळी-चौळी होतात आणि मरतातही. दख्खनीत परिणाम सौम्य आहे, आणि माझ्या मते हे आपलं भाग्य आहे.

कारण मेंढपाळ विकतो ते जन्मलेलं कोकरू नव्हे, तीन-चार महिने जगलेलं कोकरू. एक साधा हिशेब मांडू, आकडे समजण्यापुरतेच घेतलेले आहेत. शंभर मेंढ्यांपैकी नव्वद व्याल्या, बहुतेक एकेरी, कोकरं झाली ब्याण्णव. शेकडा दहा मेली. उरली त्र्याऐंशी. आता याच कळपात सगळ्या मेंढ्या फेक-बीच्या आहेत असं समजा. नव्वद व्याल्या, कोकरं झाली १३५. शेकडा वीस मेली तर उरली १०८, म्हणजे पंचवीस जास्त. पण चारा कमी पडला, थंडी-पाऊस लागला आणि शेकडा चाळीस मेली, तर उरली एक्क्याऐंशी. जुन्या कळपापेक्षा दोन कमी, शिवाय मेंढ्या खंगल्या त्या वेगळ्या. जनुक तेच, कळप तोच. निकाल मरतुकीने फिरवला. जननक्षमता वाढवण्यावर बोलताना पहिल्या आकड्यावर, म्हणजे किती जन्मली यावर, टाळ्या वाजतात. मला शेवटचा आकडा सोडून दुसरा कुठला महत्त्वाचा वाटत नाही.

जुळ्यांची मरतूक पोटातच ठरत असते. मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा, पण पिलाच्या वजनाची सुमारे सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या दिवसांत गर्भाशय इतकं जागा व्यापतं की मेंढीच्या पोटात चारा मावत नाही, आणि गरज तर दुप्पट झालेली असते. अशा वेळी नुसतं वाळलेलं गवत देऊन भागत नाही; थोड्या जागेत जास्त ताकद देणारं धान्य किंवा पेंड लागते. ते मिळालं नाही तर मेंढी स्वतःची चरबी जाळू लागते, रक्तात विषारी घटक साठतात, ती सुस्त होते, आंधळ्यासारखी एका जागी उभी राहते आणि दोन-चार दिवसांत दगावते. एकेरी गाभण मेंढीत हा आजार क्वचित दिसतो, जुळ्यांच्या मेंढीत बऱ्याचदा. नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना खुराक वाढवला तर सुटणाऱ्या स्त्रीबीजांची संख्याही वाढते हे खरं, पण हा सल्ला अर्धा ऐकून खुराक तिथेच संपवणारे लोक पुढच्या पाच महिन्यांचं कर्ज काढत असतात.

व्याल्यानंतर पहिल्या काही तासांतला चीक म्हणजे कोकराची सगळी रोगप्रतिकारशक्ती. आईकडून पोटात असताना कोकराला प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि ती आतड्यातून शोषली जाण्याची दारं दिवसभरात बंद होतात. जुळ्यांत दुसरं कोकरू बहुधा हलकं असतं, उठायला वेळ लावतं, आणि तोवर पहिल्याने सड रिकामे केलेले असतात. त्याला हाताने धरून सडाला लावावं लागतं. आई नुसती एकाला चाटत बसली आणि दुसऱ्याला ढुशी मारू लागली तर दोघांना घेऊन तिला वेगळ्या कोपऱ्यात ठेवावं लागतं.

हे कोण करणार? धनगरांच्या फिरत्या वाड्यात मेंढरं घेऊन पुरुष रानात जातात. तळावर राहते बाई. स्वयंपाक, पाणी, बिऱ्हाड, घोड्यावरचं सामान आणि जाळीत ठेवलेली कोकरं, हे सगळं तिच्याकडे. दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे किंवा घाटाकडे निघतो, एका गावात एक-दोन रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या आणि पुढे जायचं. लहान कोकरं घोड्यावरून नेतात. अशा प्रवासात प्रत्येक मेंढीमागे एक जास्तीचं कोकरू म्हणजे त्या बाईच्या हातांना आणखी काम. धनगरांच्या कळपात चार-दोन शेळ्या असतात त्या घरच्या दुधासाठी, आणि आई नसलेल्या किंवा उपाशी कोकरांना पाजण्यासाठीही. जुळी वाढली की शेळ्याही वाढवाव्या लागतात. शतकानुशतकं दख्खनीत एकेरीपणा टिकला त्यामागे मेंढपाळांचं मागासलेपण शोधणाऱ्यांनी एक मुक्काम हलवून बघावा. चालत्या कळपाला एकाच्याच बळाची आई परवडते. त्यामुळे तिळी देणारी मेंढी मेंढपाळाला नकोच असते, आणि जुळी हवीत ती पोसता येतील तेवढीच. जे आता एका जागी राहून, थोडा चारा लावून, पंचवीस-पन्नास मेंढ्या पाळतात, त्यांना हे जनुक जास्त फळतं.

ज्यांना जनुक नको किंवा मिळत नाही, त्यांच्याकडेही वाढवण्यासारखं बरंच आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. युरोपातल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, म्हणून वर्षातून एकदाच वितात. विषुववृत्ताकडे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, आपल्या मेंढ्या वर्षभर कधीही गाभण राहू शकतात. पाच महिने गाभण, तीन महिने पाजणं, लगेच पुन्हा गाभण, असं जमलं तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. वर्षाला एका वेताऐवजी दीड. म्हणजे फेक-बी जे अर्धं कोकरू देतं तेवढंच दोन वेतांमधलं अंतर कमी करून मिळतं, आणि तेही एकेरी, धष्टपुष्ट. गाई-म्हशींचं तर सगळं गणित याच अंतराचं आहे. त्या एका वेताला एकच वासरू देतात. म्हशीचा मुका माज लक्षात न येता निघून गेला की एकवीस दिवस भाकड पोसायची, आणि असे तीन माज हुकले की दोन महिने गेले.

नराकडेही कमी लक्ष जातं. एक नर तीस-चाळीस मेंढ्या सांभाळतो, म्हणजे एक मेंढी नापीक निघाली तर एका वेताचं नुकसान, नर नापीक निघाला तर अख्ख्या कळपाचं. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात नर तापला तर त्याचा फटका जूनमध्ये दिसतो, जेव्हा गवत हिरवं होतं, मेंढ्या माजावर येतात, नर उड्याही मारतो आणि मेंढ्या मात्र फिरून माजावर येत राहतात. लोक तेव्हा मेंढ्यांना दोष देतात. उन्हाळ्यात नराला दुपारी सावली आणि पाणी, एवढ्याने हे बऱ्याच अंशी टळतं. पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांच्या लसी वेळेवर टोचल्या तर वाचणारी कोकरं जनुकाने मिळालेल्या कोकरांइतकीच खरी असतात. मेंढ्या गाभ टाकू लागल्या तर तो जार आणि मेलेलं पिलू उघड्या हाताने उचलायचं नाही, हेही सांगायला हवं, कारण त्यामागे ब्रुसेलाचा जंतू असेल तर तो माणसालाही धरतो.

पुन्हा जनुकाकडे. दोन प्रती असलेला नर कळपात सोडला की साध्या मेंढ्यांपासून होणाऱ्या सगळ्या कोकरांना एकेक प्रत मिळते. एकाही कोकराचं रक्त तपासावं लागत नाही, सगळ्या माद्या पुढे जुळ्यांच्या उमेदवार. असा नर मेंढपाळाला देणं म्हणूनच सोयीचं. अडचण पुढच्या पिढीत येते. या माद्या साध्या नरापासून व्यायल्या की त्यांच्या कोकरांत जनुक निम्म्यांना जातं, निम्म्यांना नाही. मेंढपाळ पैदाशीसाठी नर राखतो तो डोळ्याने बघून, सगळ्यांत थोराड, छातीला रुंद असा. थोराड नर कोण असतो? एकटा जन्मलेला, आईचं सगळं दूध एकट्याने प्यायलेला. आणि एकटं कोकरू जास्त करून जनुक नसलेल्या आईचं असतं. कुणाच्या मनात नसताना, उत्तम नर निवडण्याच्या नादात दोन-तीन पिढ्यांत फेक-बी कळपाबाहेर हाकललं जातं. हे थांबवायला रक्ताची तपासणी करता येते. ते जमत नसेल तर जुळं झालं त्याच दिवशी दोन्ही कोकरांच्या कानाला खूण करायची आणि पुढचा नर त्या खुणेच्या कोकरांतूनच निवडायचा, मग तो शेजारच्या एकेरीपेक्षा तीन किलोंनी हलका का असेना.